पहिल्या उद्गाराचा मान

उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, आमच्या चर्चच्या मराठी मंडळीत क्रुसावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा. तो कित्येक वर्षं माझ्याकडे होता. जामबागेतल्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झालेली बाई, भाषा स्वच्छ, आवाज खणखणीत. दुसरं कोण बोलणार? आणि त्या वर्षी पाळकसाहेबांनी तो दिला माझ्या धाकट्या जावेला! तिची माहेरची भाषा तेलुगू. देवनागरी धड वाचता येत नाही, मराठी प्रार्थनासुद्धा तेलुगू लिपीत लिहून आणते. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

त्यात माझे चाळीस दिवसांचे उपास चालू होते, दिवसाला एकच जेवण. उपास करावा तर तोंड धुवून, डोक्याला तेल लावून, कुणाला कळू न देता, हे मीच रविवारच्या शाळेत मुलांना शिकवलेलं. पण शुक्रवारच्या बायकांच्या प्रार्थनेत चहा आला की मी हात असा काही आडवा धरायची, की खोलीभर कळावं. कुणी "किती सुकलात हो" म्हणालं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? आणि ही माझी जाऊ समोर बसून तीन-तीन मिरची भजी खायची, वर चटणी मागून घ्यायची. तरी सगळ्या तिच्याभोवतीच. कोण आजारी, कुणाच्या मुलीचं लग्न मोडलं, सगळं तिच्या कानात. माझ्याजवळ येऊन कधी कुणी मन मोकळं केलं नाही.

शेवटी राहवलं नाही. पाळकसाहेबांना फोन केला. "माझं काही नाही," म्हटलं, "पण एकही उपास न करणारं माणूस त्या दिवशी पुढे उभं राहिलं, तर लोक नावं ठेवतील." लोक म्हणजे मीच होते.

गुरुवारी दुपारी जाऊ कुकटपल्लीहून मेट्रो बदलून, उन्हात चालत आमच्या हिमायतनगरच्या घरी आली. मला ती अक्का म्हणते.

"अक्का, पाळकसाहेबांचा फोन आला होता. पहिला उद्गार तुम्हीच बोलायचा म्हणे. अच्छंच झालं," ती म्हणाली. बस म्हटलं तरी बसेना. "पण त्याची तयारी करताना पंधरा दिवस मला झोप नाही. सासूबाई तुमच्याकडे अंथरुणाला होत्या ना, तेव्हा मला फोन करायच्या. मला घेऊन जा, म्हणायच्या. मी सांगितलं, अक्का पाठवत नाहीत. झूठ बोलले, अक्का. मलाच नको होतं. त्या तसंच समजत देवाघरी गेल्या. मला माफ करा."

शेवटचं वर्षभर सासूबाई माझ्या हातचं पाणी पिताना तोंड का फिरवायच्या, ते मला तेव्हा कळलं. राग आला. पण त्याहून जास्त आलं ते वेगळंच. ती रडत होती, पदराने नाक पुसत होती, आणि तिचा चेहरा बघता बघता मोकळा होत होता. माझा चेहरा इतके दिवस उपाशी राहून एकदाही तसा झाला नव्हता. मला तिच्या रडण्याचा हेवा वाटला.

तो फोन माझ्यामुळे आला, हे तेव्हाच सांगायला हवं होतं. अगदी जिभेवर आलं होतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि थोरल्या जावेच्या आवाजात म्हटलं, "केली गं क्षमा."

"तुमच्या मनात माझ्यासाठी काही नाही ना, अक्का?"

"छे!" मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पांढरी साडी नेसून मी क्षमेवर वीस मिनिटं बोलले. बायका डोळे टिपत होत्या. उपासना संपल्यावर सगळ्यांत आधी जाऊच आली. पाळकसाहेबांच्या देखत माझे दोन्ही हात धरून म्हणाली, "अक्का, असं मला कधी जमलं नसतं." मनापासून म्हणत होती.

"उपासाचं बळ गं," मी म्हटलं.

पाळकसाहेब दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला वळले. ती त्या दिवसापासून शांत झोपते, असं दीर सांगतात. मी तिला अजून काहीही सांगितलेलं नाही.