ताप नसलेले दाजी

धुळे जिल्ह्यात ताप नसताना सर्वाधिक काढे प्यालेला माणूस म्हणजे माझ्या मावसबहिणीचा नवरा. याची सरकारदरबारी नोंद नाही, पण दावा खोडून काढायला अजून कोणी पुढे आलेले नाही. दाजी फिलिपिन्सचे. तिथल्या सैन्यात सार्जंट होते. निवृत्तीनंतर आखातातल्या एका रुग्णालयात सुरक्षा पाहत असताना तिथे परिचारिका असलेल्या माझ्या बहिणीशी त्यांनी लग्न केले आणि नऊ वर्षांपूर्वी बायको-मुलीसह धुळ्यात, देवपुरात येऊन राहिले. मराठी त्यांना बेताची येते. बहीण घरात अहिराणी बोलते म्हणून ते अहिराणी शिकले आणि सरकारी कचेरीतही तीच बोलतात. कारकून मान वर करून पाहतो, मग उठून पाहतो.

सैन्य सुटले तरी शिस्त सुटली नाही. त्यांच्या घरी दुपारचे चार वाजत नाहीत, सोळाशे वाजतात. मुलीने हे शाळेत सांगितले तेव्हा बाईंनी बहिणीला बोलावून घेतले. मुलीच्या बुटांची रोज सकाळी तपासणी होते. बोटाने दिशा दाखवणे त्यांच्याकडे उद्धटपणाचे समजतात, म्हणून ते ओठ पुढे काढून दाखवतात. एकदा रिक्षावाल्याने कुठे वळायचे विचारले. दाजींनी ओठ पुढे काढले. रिक्षावाला म्हणाला, "भाऊ, मनं लगीन व्हई जायेल शे." बस स्थानकावर ते नरडाण्याच्या गाडीसाठी रांग लावतात. रांगेत ते एकटेच असतात. बाकीचे प्रवासी तोवर खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात आणि गाडी निघून जाते. दाजी पुढच्या गाडीसाठी पुन्हा रांगेत पहिले उभे राहतात.

काढ्यांचे मूळ पहिल्या भेटीत आहे. त्यांच्या देशात वडीलधाऱ्यांच्या पाया पडत नाहीत. त्यांचा हात धरून आपल्या कपाळाला लावतात. बहिणीचे गाव नरडाण्याजवळ. तिथे पारावर बसलेल्या पहिल्याच म्हाताऱ्याचा हात दाजींनी कपाळाला लावला. म्हाताऱ्याने थोडा वेळ अंदाज घेतला आणि सांगितले, "ताप नही शे." दुसऱ्यानेही दुजोरा दिला. तिसरा म्हणाला, "थोडी कसर शे." संध्याकाळपर्यंत पाच घरांतून काढे आले. वडीलधाऱ्यांची आज्ञा म्हणून दाजी पाचही उभ्याने प्याले आणि दुसऱ्या दिवशी खरोखर आडवे झाले. तिसरा म्हातारा येऊन पाहून गेला. "मी कालच सांगं व्हतं," म्हणाला. बहिणीने पुढे सगळ्यांना खुलासा केला. तो गावाने ऐकून घेतला. काढे चालू राहिले.

हात दिला नाही तो एकट्या आबांनी, म्हणजे बहिणीच्या वडिलांनी. खुलासा त्यांना नीट कळला होता, म्हणूनच दाजी समोर आले की ते दोन्ही हात पाठीमागे बांधत. लग्न झाल्याचे त्यांना फोनवर कळले होते. "पोरीना हात मांगा नही, आते मना हात मांगी ऱ्हायना," असे ते चारचौघांत म्हणत. आई गेल्यापासून घरच्या मोठ्या माणसाचा हात कपाळाला लागलेला नाही, एवढेच दाजींनी एकदा मला सांगितले होते. दर सणाला ते जात, वाकत, रिकामे उभे राहत आणि शेजाऱ्यांकडचा काढा पिऊन परत येत.

मग आबांच्या डोळ्याचे ऑपरेशन धुळ्यात झाले आणि महिनाभर त्यांना लेकीकडे राहावे लागले. औषधाचे थेंब दिवसातून चार वेळा घालायचे होते. प्रत्येक वेळेच्या एक मिनिट आधी दाजी बाटली घेऊन दारात उभे. तिसऱ्या दिवशी आबांनी दाजींकडे पाहत बहिणीला घड्याळ विकायला सांगितले. "इकी टाक. हाऊ शे ना." त्यांची दाढीही दाजीच करत. तेवढा वेळ आबांचे हात मांडीवर असत. दाढी झाली की पुन्हा पाठीमागे.

आबा परत निघाले त्या दिवशी मी बस स्थानकावर होतो. दाजी पिशवी घेऊन रांगेत उभे राहिले. आबांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांच्या मागे जाऊन उभे राहिले. रांग दोघांची झाली. गाडी आली, रुमाल पडले, गाडी भरली आणि गेली. दोघेही जागचे हलले नाहीत.

"गयी ना गाडी," आबा म्हणाले.

"दुसरी शे," दाजी म्हणाले.

आबांनी उजवा हात पाठीमागून काढला. "ये, देखू दे." दाजी वाकले. हात कपाळावर बराच वेळ राहिला, ताप पाहायला लागतो त्यापेक्षा जास्त. "थोडी कसर शे," आबा म्हणाले आणि फलाटाकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी नरडाण्याच्या गाडीतून कंडक्टरच्या हाती काढ्याची पुडी आली. दाजींना ताप नव्हता. त्यांनी तो तीन दिवस, ठरल्या वेळी, उभे राहून घेतला.

आबा आता थकले आहेत, धुळ्याला येत नाहीत. महिन्यातून एकदा दाजी सकाळीच बूट चढवतात. कुठे निघालात, असे बहीण विचारते. दाजी ओठांनी नरडाण्याची दिशा दाखवतात आणि म्हणतात, "माले ताप शे."