बदल्यातला पिंपळ

योगीराजांचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या कानडी मुलखातल्या चामराजपेटेतलं. पालिकेतली नोकरी मात्र अशी, की पाहुण्यांना सांगताना जीभ अडखळावी. तोडायच्या झाडाचा घेर मोजायचा, घरटी, ढोल्या, वटवाघळं बघून त्याला गुण द्यायचे. गुण जितके जास्त, तितकी जास्त रोपं बदल्यात दुसरीकडे लावायची. हे काम त्यांनी वर्षानुवर्षं मान खाली घालून केलं.

मग रस्ता रुंद करण्यासाठी त्यांच्याच गल्लीतला पिंपळ तोडायचा ठरला. त्याच्या कट्ट्यावर त्यांनी आणि पत्नी भाग्यलक्ष्मीबाईंनी मूल व्हावं म्हणून नाग कोरलेला वीतभर दगड बसवला होता. मुलगी झाली आणि बारशाआधीच गेली. ना फोटो, ना नाव. बाई रोज सकाळी दगडाला दूध वाहून पिंपळाला प्रदक्षिणा घालत. लेकीसाठी दुसरं काही करायला उरलंच नव्हतं.

“तुमच्याच हातात आहे, तर स्वल्प बघा की हो,” बाई म्हणाल्या.

योगीराजांनी बघितलं. रिकाम्या ढोलीत, कागदावर, घुबडांची जोडी बसवली. झाड इतकं महाग करायचं, की रस्त्यानंच वळसा घ्यावा! भोळा जीव. सारा जन्म गुण देण्यात गेला, पण गुण कशासाठी असतात ते काही उमगलं नव्हतं. साहेबांनी कागद पाहिला, “सरी, ठीक आहे, रोपं वाढवा,” म्हणाले आणि कॉफी मागवली.

पिंपळ पडला तेव्हा योगीराज समोरच उभे होते. रडू येईल असं त्यांना वाटलं होतं. काहीच आलं नाही. आत सगळं बधिर होतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली.

दगड नव्या पिंपळाखाली बसवायला म्हणून दोघं बसने, बदल्यातली रोपं लावली होती त्या बोम्मसंद्र्याला गेली. कारखान्यांच्या मागे गुडघाभर रोपांच्या रांगाच रांगा होत्या.

“आपला पिंपळ कुठला?” बाईंनी विचारलं.

“हे सगळेच आपले. तुला हवा तो घे.”

बाई दगड पोटाशी धरून बघत राहिल्या. “लेक गेली तेव्हाही तुम्ही असंच म्हणालात. दुसरी होईल म्हणून.”

आवाजात राग नव्हता. बाई वळल्या आणि दगडासकट थांब्याकडे चालू लागल्या.

“अगं, नाग घरात ठेवत नाहीत,” ते मागून म्हणाले.

“ठाऊक आहे,” बाई म्हणाल्या, आणि थांबल्या नाहीत.