भिंतीवरचा पासवर्ड

फ्रानेकर या छोट्या डच गावातल्या आमच्या कालव्याकाठच्या गल्लीत पडदे ओढायची पद्धत नाही. कुणी ओढलेच, तर सकाळी बेकरीत विषय निघतो, 'काय हो, त्या घरात असं काय चाललंय?' आणि पाव पिशवीत पडायच्या आत उत्तरंही तयार असतात. वीत्स्केबाई तर तोऱ्यात सांगायच्या, "लपवण्यासारखं काही असतं, तर आयुष्य जरा मजेत नसतं का गेलं?" एकट्या राहत, पण खिडकीच्या काचा आरशासारख्या लख्ख, कुंड्या जोडीजोडीने मांडलेल्या, आणि समोरच्या भिंतीवर उजेड पडेल अशी टांगलेली भरतकामाची चौकट.

या चौकटीनेच सगळा घोटाळा केला. झालं असं, की मागे गल्लीने मिळून स्मार्ट दिवे आणि हीटरची यंत्रं घेतली. फोनवरून दिवा लागतो, फोनवरून घर तापतं. घाऊक घेतलं की सूट मिळते, आणि सूट म्हटल्यावर आमची माणसं हत्तीसुद्धा घेतील, वर विचारतील, जोडी घेतली तर काय द्याल? तर घरात यंत्रं आली, वायफाय आलं, आणि येणारा प्रत्येक पाहुणा कोट काढायच्या आधी पासवर्ड विचारू लागला. सांगून सांगून बाईंचं तोंड दुखलं. शेवटी त्यांनी निळ्या दोऱ्याने फुलीच्या टाक्यात पासवर्डच भरून काढला, कडेने बदकं काढली, आणि दिला भिंतीवर लावून. खाली दिवा ठेवला, म्हणजे संध्याकाळीही वाचता यावा.

यंदाच्या हिवाळ्यात तो दिवा आपोआप लागायला लागला. बाई भांडी घासत असल्या की लागे, पुन्हा विझे, पुन्हा लागे. घर तर भट्टीसारखं तापू लागलं. झ्वोलला राहणारा त्यांचा मुलगा हार्मेन याला आईच्या घराची उष्णता स्वतःच्या फोनवर दिसायची.

"आई, सव्वीस अंश? अगं, केळी पिकवतेयस का तिथे?"

"मी हात लावला नाही रे."

"बरं," हार्मेन म्हणाला.

त्या 'बरं'मध्ये भांडण नव्हतं, नुसती माया होती, आणि म्हणूनच बाईंना धडकी भरली. आजारी माणसाशी बोलतात तसलं ते 'बरं'. चौथ्या फोनला तो म्हणाला, "रविवारी येतो. कालव्यापलीकडचा तो वृद्धाश्रम नुसता बघून येऊ. बाग छान आहे तिथली."

"आणि माझ्याकडे काय वाळवंट आहे?"

थट्टा केली खरी, पण फोन ठेवल्यावर हातातलं फडकं हातातच राहिलं. बाईंची आई शेवटी शेवटी चमचे उशीखाली लपवायची आणि शपथेवर सांगायची, मी नाही ठेवले. मीही उठून बटणं दाबत असेन आणि विसरत असेन, तर?

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या दिव्यासमोर खुर्ची ओढून बसल्या, दोन्ही हात मांडीखाली घट्ट दाबून, शाळेत शिक्षा झालेल्या पोरीसारख्या. फोन स्वयंपाकघरात. बसल्या बसल्या हातांना मुंग्या आल्या. आणि टक्क! दिवा लागला.

"मी नव्हे!" बाई रिकाम्या घरात ओरडल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते आनंदाचं की भीतीचं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

तशाच त्या वाचनालयात गेल्या. तिथे लाल चष्म्याची एक बाई म्हाताऱ्यांच्या फोन-कॉम्प्युटरच्या तक्रारी ऐकते. तिने विचारलं, "वायफायचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"कुणालाच नाही. म्हणजे, येतात त्यांना."

"लिहून कुठे ठेवलाय?"

"लिहून नाही बाई. भरलाय. बैठकीच्या भिंतीवर."

तिने चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पडदे?"

"आम्ही काय चोर आहोत पडदे ओढायला?"

"अहो, म्हणून चोराला बोलवायचं? एकदा आत आलेल्याला ही स्वस्तातली यंत्रं नाव-गाव विचारत नाहीत. जो घरात शिरला तो मालक. पासवर्ड आजच बदला, लांबलचक ठेवा. यंत्रांबरोबर आलेले पासवर्ड असतील, तेही बदला. आणि पाहुण्यांसाठी वेगळं वायफाय काढा. पाहुण्याने ओसरीवर बसावं, माजघरात कशाला?"

परतताना अंधारून आलं होतं. बाई आपल्याच घरासमोर रस्त्यावर थांबल्या आणि खिडकीतून आत डोळे ताणून पाहू लागल्या. चौकट दिसत होती, पण अक्षरं लागत नव्हती. इथून वाचायला दुर्बीणच हवी, असं मनात येतंय तोवर आतला दिवा विझला. बाई गर्रकन वळल्या. त्यांच्या मागे तो पुन्हा लागला असणार, कारण त्यांची सावली लांब होऊन समोरच्या घराच्या पायरीपर्यंत गेली.

त्या घराच्या खिडकीत सिब्रेनराव बसले होते. जन्मभर कालव्यावरचा पूल उघडण्या-मिटण्याचं काम केलेला हा माणूस. येणाऱ्या होड्या बघायची जुनी दुर्बीण अजून खिडकीत ठेवलेली. अंगात दोन स्वेटर, वर घोंगडी, मांडीवर टॅब, आणि बोटाने टकटक चाललेली.

बाईंनी घंटा वाजवली. "सिब्रेनराव, तो टॅब खाली ठेवा. माझा दिवा लावताय तुम्ही."

"तुमचा? माझा आहे हा! आठवडा झाला, लागतच नाही मेला."

"लागतोय की. तिकडे बघा." बाईंनीच बोट दाबलं. रस्त्यापलीकडे त्यांची बैठक काळोखी झाली. पुन्हा दाबलं, उजळली.

सिब्रेनरावांनी अंगावरची घोंगडी ओढून घेतली. "मग हीटर?"

"मी उकडून निघालेय."

"आणि मी इथे गारठून मरतोय!"

मग हळूहळू बाहेर आलं. त्यांचं इंटरनेटचं खोकं बंद पडलं होतं. मुलगी फोनवर म्हणाली, 'बाबा, तुम्हीच काहीतरी दाबलं असणार.' पुन्हा फोन करायची लाज वाटली. चार दिवसांपुरतं म्हणून दुर्बीण लावून समोरची भिंत वाचली. टॅबवर दिवा आणि हीटर दिसले, गल्लीभर एकाच छापाचे, ते आपलेच समजून बसले.

"याला चोरी म्हणतात, सिब्रेनराव."

"हो." मान खाली. "पण बदकं अगदी हुबेहूब आहेत हो."

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. "हार्मेनला सांगावं लागेल मला. रविवारी बाग दाखवायला नेतोय."

"त्याने माझ्या मुलीला सांगितलं, तर मलाही तीच बाग."

बाई घराकडे वळल्या. घरी येऊन त्यांनी पासवर्ड बदलले. रविवारपर्यंत मन इकडे-तिकडे झुललं, आणि अखेर ठरलं की म्हाताऱ्याचं नाव घ्यायचं नाही. यंत्र बिघडलं होतं म्हणू. हार्मेन काय म्हणणार, तेही माहीत होतं. रविवारी तो आला, तेव्हा तसंच सांगितलं.

"बरं," हार्मेन म्हणाला, आणि आईचा कोट खुंटीवरून काढून धरला.

तेवढ्यात घंटा वाजली. दारात सिब्रेनराव, लग्नाकार्याचा काळा कोट घालून, केस पाणी लावून बसवलेले.

"हार्मेन, ते हॅकर का काय म्हणतात ना, तो मी." आणि त्यांनी उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं, दुर्बिणीसकट.

हार्मेनने कोट परत खुंटीला लावला. "आई, तू सांगत होतीस. मी ऐकलंच नाही गं."

"कॉफी निवतेय," बाई म्हणाल्या.

नंतर हार्मेनने समोर जाऊन ते खोकं उघडलं. आतून जळलेलं निघालं. सिब्रेनरावांनी काहीच दाबलं नव्हतं. हे त्याने त्यांच्या मुलीला मुद्दाम फोन करून कळवलं, आणि दुर्बिणीबद्दल अवाक्षर काढलं नाही. नवीन खोकं येईपर्यंत त्यांना वीत्स्केबाईंच्या ओसरीवरचं, म्हणजे पाहुण्यांचं वायफाय मिळालं. बाईंनी चौकटीतली अक्षरं उसवली, बदकं तेवढी ठेवली. पडदे? ते मात्र अजून ओढत नाहीत.

सिब्रेनराव हल्ली सकाळची कॉफी तिकडेच घेतात. आमच्याकडे कॉफीबरोबर एक बिस्किट मिळतं, मग डब्याचं झाकण लागतं. वीत्स्केबाई मात्र झाकण लावायचं रोज विसरतात. हार्मेनने स्वतः पाहिलं. आणि दुसरं बिस्किट उचललं.