तिसऱ्यांदा बदललेलं सील

देवावर माझा राग नव्हता आणि विश्वासही नव्हता. सातपूरच्या एका कारखान्यात तीस वर्षं मी तपासणी विभागात काढली. मापात बसेल ते ठेवायचं, न बसेल ते परत पाठवायचं, एवढंच मला कळत असे. त्या हिवाळ्यात बायकोच्या छातीत गाठ निघाली, तेव्हाही मी तसाच वागलो. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. मी दुसऱ्यांकडे गेलो, मग तिसऱ्यांकडे. तिघांचं म्हणणं एकच होतं, तरी मी मुंबईच्या चौथ्या डॉक्टरांची वेळ घेतली. यात दीड महिना गेला. ती कधी तक्रारीनं बोलली नाही. एका सकाळी एवढंच म्हणाली, “आधी सप्तशृंगीला जाऊन येऊ. आपल्या गाडीवरच.”

आमची गाडी म्हणजे लांबच्या प्रवासासाठी घेतलेली जड मोटारसायकल. काही महिन्यांपासून तिच्या पुढच्या शॉकअपमधून तेल झिरपत होतं. मी घरीच ऑइल सील, म्हणजे तेल अडवणारी रबरी कडी, बदललं. आठवड्यात पुन्हा तेल. दुसऱ्या दुकानातून सील आणलं, तरी तेच. गाडी गॅरेजमध्ये न्यावी असं वाटलं नाही. तिला परका हात लागलेला मला चालत नसे. तिसरं सील पिशवीत टाकलं, फडक्यानं तेल पुसलं आणि निघालो.

दिंडोरी मागे पडली. वणीच्या अलीकडे द्राक्षांच्या क्रेटनी भरलेला एक ट्रॅक्टर मळ्यातून एकदम रस्त्यावर आला. मी पुढचा ब्रेक दाबला, पण तो धरेचना. तेल ब्रेकच्या डिस्कवर उतरलं होतं. मागच्या ब्रेकवर गाडी घसरत गेली आणि ट्रॉलीपासून हातभर अंतरावर थांबली.

ट्रॅक्टरवाल्यानं जवळचं एक पत्र्याचं शेड दाखवलं. तिथे दगूभाऊ नावाचा चाळिशीचा माणूस फवारणीचे पंप आणि ट्रॅक्टरचे जॅक दुरुस्त करी. “फक्त पाने द्या, मी करतो,” मी म्हणालो. त्यानं दिले. पण एकच नट दोनदा निसटला. खाटेवर बसलेली बायको म्हणाली, “अहो, त्यांना करू द्या की.”

मी पाना त्याच्या हातात दिला.

“कितव्यांदा बदलताय काका?”

“तिसऱ्यांदा.”

त्यानं शॉकअप उतरवला. सीलकडे पाहिलंही नाही. आतल्या पाइपावरून सावकाश नख फिरवलं. मागच्या बाजूला ते अडलं.

“हे बघा, पाइपाला टवका हे. लय बारीक. दगड उडाला आसंल. सील कितीबी बदला, हा फाडीतच बसनार.”

मी नख लावलं. खरंच अडत होतं. डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं. त्यानं बारीक दगडानं आणि पॉलिश पेपरनं ती जागा गुळगुळीत केली, माझ्या पिशवीतलं नवं सील बसवलं, तेल भरलं, ब्रेक धुऊन घासून दिला. दोन तास गेले. त्याच्या बायकोनं आम्हाला चहा दिला.

निघाल्यावर बायको म्हणाली, “आईनंच थांबवलं.” मी गडाची वाट धरली. देवीसमोर उभा राहिलो तेव्हा मागायला काही सुचेना. शेडमध्ये पाना दिला त्या क्षणी हात कसे हलके झाले होते, तेवढंच आठवत राहिलं. परतल्यावर मुंबईची वेळ रद्द केली. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ वाईट होती, पण वेळेत निघाली.

जे घडलं त्याला काय म्हणावं, ते मी ठरवलेलं नाही. आपल्या हातून होत नाही एवढं कबूल करायला मला साठ वर्षं लागली, हे मात्र खरं.

बायको हिंडूफिरू लागल्यावर मी दगूभाऊचे आभार मानायला गेलो. त्याला काहीच आठवत नव्हतं. “कोनती गाडी, काका? रोज लय येतात,” म्हणाला. मी सांगू लागलो, तर तो ट्रॅक्टरच्या एका मोठ्या फवारणी पंपाखाली अर्धा शिरलेला. आतूनच म्हणाला, “जरा हे धरता का?”

मी खाली बसलो आणि त्याचं काम होईपर्यंत धरून राहिलो.