पॉलिसी गिरणीला, पाटी घराला

विमा एजंटाकडं पैसा साठत नाही, किस्से साठतात! हप्ते चुकतात, गिऱ्हाईकं फुटतात, पण किस्सा एकदा आला की मुक्कामच ठोकतो. उदगीरला धान्याच्या मोंढ्याजवळ, खताच्या दुकानावर आमचं ऑफिस. मी आणि रफिकभाई, दोन टेबलं, एक पंखा. उन्हाळ्यात आमच्याकडं अवकाळी वारं सुटलं की अर्ध्या गावाचे पत्रे उडतात, आणि दुसऱ्या दिवशी अर्धं गाव आमच्या जिन्यात उभं असतं. त्यांचे काही किस्से हसत सांगता येतात. काही सांगताना मी अजूनही खिडकीकडं पाठ करून बसत नाही.

*

सगळं सुरू झालं ते पाट्यांपासून. कंपनीनं जाहिरातीसाठी निळ्या पत्र्याच्या पाट्या पाठवल्या होत्या. ‘या वास्तूचा विमा उतरवलेला आहे.’ कुणी पॉलिसी घेतली की रफिकभाई त्याच्या दारावर चार स्क्रू मारून पाटी लावून यायचा.

त्या वर्षीच्या पहिल्याच वादळात एका गल्लीतले सगळे पत्रे गेले. राहिली ती फक्त पाटीवाली घरं. आम्ही म्हटलं, योगायोग! पुढच्या वादळात दुसऱ्या गल्लीत तेच. मग रफिकभाई ‘योगायोग’ हा शब्द जरा हळू उच्चारायला लागला.

दुसऱ्या दिवशी जिन्यात ही गर्दी! पहिलीच बाई म्हणाली, "पॉलिसी ऱ्हाऊ द्या. नुसती पाटी द्या!"

मी समजावलं, की बाई, पाटीनं वारं थांबत नसतं, पॉलिसी असली तर नुकसानीचे पैसे मिळतात. ती म्हणाली, "पैसे कुणाला पायजेत? पत्रा ऱ्हायला पायजे!"

कप्पाळ! मी काढलेला फॉर्म परत खणात ठेवला.

*

शिवलिंगप्पा हे आमचं जुनं गिऱ्हाईक, डाळ मिलचे मालक. पॉलिसी घ्यायला बसले की डाळीतले खडे निवडावेत तसं एकेक कलम निवडणार. "आग हाय? पूर हाय? वादळ हाय? माल भिजला तर?" सगळं घेतलं. मी म्हटलं, "अप्पा, तुमचा पत्रा उडून दुसऱ्याचं नुकसान झालं, तर त्याचं कव्हर वेगळं असतं."

"ते नको. माझा पत्रा कुटं जातो?"

गेला की! मिलचं नाव रंगवलेला लांबलचक पत्रा उडाला, तो थेट शिवेबाहेरच्या एका मळ्यात. मळा कुणाचा? अप्पांच्या सख्ख्या भावाचा! वाटणी झाल्यापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हते. आणि पडला कुठं, तर गोठ्याचा जो भाग उघडा होता, बरोब्बर त्यावर. कुणीतरी शिडी लावून बसवावा तसा. खाली देवणी जातीची गाय निवांत रवंथ करत होती.

अप्पा भांडायला म्हणून गेले आणि जेवून आले! ऑफिसात येऊन बसले. मग म्हणाले, "भाऊ म्हनतो, त्यानं त्याच दिवशी सकाळी बायकोला सांगितलं व्हतं, गोठ्यावर एक पत्रा पायजे."

उठता उठता अप्पा म्हणाले, "ते दुसऱ्याच्या नुकसानीचं कव्हर... तेवढं घालून टाक."

*

आमच्या ओळखीचे एक गुरुजी आहेत, विज्ञान शिकवतात. घराची पॉलिसी घेतली ती बारीक अक्षरं भिंगातून वाचून. पाटी मात्र परत केली. "ही अंधश्रद्धा आहे. माझ्या दाराला नको!"

बरोबरच होतं त्यांचं. वादळ आलं, गेलं. गुरुजींचा एक पत्रा हलला नाही. तरी दुसऱ्या दिवशी गुरुजी हजर.

"काही पडलं का, गुरुजी?"

"काही नाही पडलं."

"मग फुटलं का?"

"फुटलंही नाही." गुरुजींनी घाम पुसला. "दारं-खिडक्या बंद होत्या. आम्ही सगळे स्वयंपाकघरात होतो. बाहेर आलो तर भिंतीवरच्या सगळ्या तसबिरी उलट्या. म्हणजे तोंडं भिंतीकडं. खिळ्यावरच, नीट टांगलेल्या! मी क्लेममध्ये नुकसान काय लिहू?"

रफिकभाई म्हणाला, "डर लिखो, गुरुजी."

गुरुजी हसले नाहीत. जिन्यापर्यंत गेले, परत आले आणि इकडंतिकडं बघून म्हणाले, "ती पाटी शिल्लक आहे का हो?"

*

तोवर पाट्या संपत आल्या होत्या आणि कंपनीनं छापणंही बंद केलं होतं. लोक एकमेकांच्या दारावरच्या पाट्या चोरायला लागले होते! अशात कमळाबाई आली.

कमळाबाईची मागच्या गल्लीत पिठाची गिरणी, आणि दोन घरं सोडून राहायचं घर. दोन्हींवर पत्रेच. नवरा हणमंतराव लकव्यानं अंथरुणावर, वाचाही गेलेली. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडलेला असायचा. बाईला एकाच जागेचा हप्ता झेपत होता. घर, नाहीतर गिरणी.

"गिरणी गेली तर खायचं काय?" ती म्हणाली. "अन् घर गेलं तर पत्रा ह्यांच्या अंगावर. ह्यांना उठून पळता बी येत न्हाई. तुमीच सांगा साहेब, काय करू?"

मी दोन्हींचे हप्ते परत मांडून बघितले. शेवटी तिनंच निवाडा केला. "पॉलिसी गिरणीला करा. अन् पाटी घराला द्या."

पाटी कुठून देणार? एकच उरली होती, माझ्या स्वतःच्या दारावर नमुना म्हणून लावलेली. घराची पॉलिसी मात्र मी काढलेली नव्हती. हसू नका, सगळे एजंट असेच असतात! बायको तेव्हा पोरीला घेऊन रेणापूरला माहेरी होती. मी गुपचूप चारी स्क्रू काढले. रफिकभाईला आणि कमळाबाईला सांगितलं, कपाटात एक सापडली. बायकोला सांगितलं, गंजली म्हणून फेकली. खरं काय ते फक्त मला ठाऊक होतं.

पुढच्या वादळात गिरणीचे पत्रे गेले, मशीन भिजली. क्लेम पास झाला, गिरणी पुन्हा सुरू झाली. आणि घर? दोन्ही बाजूंच्या घरांवरचे पत्रे गेले, कमळाबाईच्या घराचा खिळासुद्धा निघाला नाही. मी बघायला गेलो तेव्हा हणमंतराव तसेच भिंतीकडं तोंड करून पडलेले होते. पाटी नसून माझ्याही घराला काही झालं नव्हतं. आम्ही सगळे लई खूश झालो!

*

आता हा परवाचा.

दुपार कलली होती. कमळाबाई जिना चढून आली, हातात फडक्यात गुंडाळलेली ती पाटी.

"साहेब, हे बोलले."

"कोण, हणमंतराव? अरे वा! मग पेढे कुठायत?"

ती हसली नाही. "एकदाच बोलले. म्हनले, पाटी ज्या दाराची हाय त्या दाराला लाव. दिवस मावळायच्या आत लाव. मग परत गप झाले." तिनं पाटी माझ्या टेबलावर ठेवली. "तुमी तर म्हनला व्हता, कपाटात सापडली. कुणाच्या दाराची हाय ही, साहेब?"

रफिकभाई माझ्याकडं बघत राहिला. मी खिडकीतून बाहेर बघितलं. आभाळ स्वच्छ, लख्ख ऊन. खताच्या दुकानाचा कापडी बोर्डसुद्धा हलत नव्हता. मला जरा धीर आला. तरी घरी फोन लावला.

बायकोनं पहिल्याच रिंगला उचलला.

"अहो, बरं झालं तुमीच फोन केला. लवकर घरी या. पोरगी माझ्या कडेवरून खाली उतरत नाही. मघापासनं आपलं दार आपटतंय. कडी लावली, तरी आपटतंय! अन् बाहेर बघावं तर झाडाचं पानसुद्धा हलत नाही."