बावीस मिटिंगा आणि एक दवाखाना

सुलक्षणाबाई नऊ वर्षांच्या होत्या तेव्हा त्यांची आई सोजराबाई बाळंतपणात अडली. गावात जीप एकच, सरपंच पोपटरावांची. वडील मागायला गेले. पोपटरावांची बोलायची तऱ्हा अशी, की आधी घसा खाकरायचा, मग पान या गालातून त्या गालात सरकवायचं आणि मगच शब्द सोडायचा. "जीप... न्हाई बा. परचाराला गेलीया." जीप गोठ्यामागं उभी होती. वडिलांचं बोट धरून आलेल्या पोरीनं ती पाहिली. आईनं शिरूरच्या वाटेवर बैलगाडीतच जीव सोडला.

पोरगी पुण्यात शिकून डॉक्टर झाली, पण तिथं राहिली नाही. "पोपटराव गावात हायेत, मग मी पुण्यात काय करू?" असं त्या कंपाउंडर बन्सीमामांना सांगत.

बाईंनी सात गावचे दूधवाले, भाजी पिकवणारे माळवंवाले गोळा केले आणि सगळ्यांच्या मालकीचा दवाखाना काढला. पहिलं वर्ष कांदा साठवायच्या चाळीत गेलं. औषधालाही कांद्याचा वास. इमारतीला ग्रामपंचायतीचा दाखला पाहिजे होता. पोपटराव खाकरले, पान सरकलं. "बघू की... फुडच्या मिटिंगला घिऊ." अशा बावीस मिटिंगा झाल्या. तेविसावीला बाई दोनशे बायका घेऊन गेल्या, तेव्हा सही झाली.

"मेलो तरी त्या बाईच्या पायरीला पाय लावायचा न्हाई," पोपटराव पारावर बोलले.

"लावतील," बाई म्हणाल्या. "मला घाई न्हाई."

चौदा वर्षं त्यांनी वाट पाहिली. यंदा एका सकाळी पोपटरावांची लघवी अडकली. मुलगा सत्यजीत गाडीत घालून पुण्याला निघाला, तर शिक्रापूरला गाड्यांची रांग हलेना. पोट नगाऱ्यासारखं झालं. गाडी मागं वळली, ती बाईंच्या पायरीशीच थांबली.

बाईंनी एक मिनिट दवडलं नाही. लगेच आत घेतलं, पडदा ओढला. आवाज मात्र बारीक केला नाही.

"आबा, कवापासनं अडकलीया?"

खाकरणं नाही, पान नाही. "सकाळधरनं."

"मोठ्यानं बोला. मिटिंगला तर खणखणीत बोलायचा."

"सकाळधरनं अडकलीया गं बाय!"

बाहेर बाकावर साळूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सरपंचाची लघवी अडकलीया म्हनं."

"ऐकलं की. पार न्हावरे गावापतुर ऐकू गेलं असंल."

नळी बसली, जीव थंडावला. "आठ दिवस नळी ऱ्हाईल. पिशवी संगं न्यायची," बाईंनी सांगितलं. सत्यजीत गाडी दारात आणायला गेला होता, म्हणून भरलेली पिशवी पोपटरावांनी स्वतःच धरली आणि बाहेर आले. सवयीनं कोणीतरी उठलं, "राम राम, आबा." चाळीस वर्षं राजकारण केलेले हात आपोआप छातीपर्यंत जुळले. पिशवीही वर आली. सगळ्यांना नीट दिसली.

"खाली धरा, आबा," बाई दारातून म्हणाल्या. "कमरेच्या खाली. वर धरली की उलटं आत जातंय."

हात खाली गेले. दुसरा उठला. "राम राम, आबा." हात पुन्हा वर.

"खाली, आबा."

बाकांवर सव्वीस माणसं होती. साळूबाईंनी गुडघा धरला, सावकाश उठल्या आणि पदर सारखा करून म्हणाल्या, "राम राम, आबा."