म्हशींसाठी भोंगा

मंगळवार, सकाळी अकरा. हजर: धरणाचे दोन अधिकारी, पंचायतीचे चार सदस्य, एकवीस गावकरी आणि टिपणं घेणारी मी. विषय: सुपा धरणातून पाणी सोडण्याआधी खालच्या गावांना सावध कसं करायचं.

"भोंगा वाजला की सगळ्यांनी नदीतून वर यायचं," अधिकारी म्हणाले.

खिडकीतून सारखी बसची वाट बघणारी एक अनोळखी म्हातारी उठली. "सायबा, मी येईन वर. पण माझ्या तीन म्हशी दुपारभर पाण्यात बसत्यात. त्यास्नी भोंगा कसा कळायचा?"

सगळे हसले. तीही हसली, पण बसली नाही. "मी पेंड घालते त्या येळंला आठ दिवस भोंगा वाजवा. मग आवाज आला की पळत घरला येत्यात का न्हाई, बघा."

"अज्जी, माणसांनाही पेंड घालायची का?" एका सदस्याने विचारलं.

"घाला की! माणसं म्हशींपरीस उशिरा शिकत्यात."

"भोंग्याची चाचणी त्याच वेळी घेऊ, वेळ कळवा," अधिकारी म्हणाले. माझ्या वहीत माणसांचेच रकाने होते. मी गुरांचा एक आखला. मान वर केली तर म्हातारी बस गाठायला गेलेली.

बैठकीत ठरलेल्या बाकी सगळ्या कामांवर झाल्याची खूण केली आहे. एक उरलं: तिला शोधून पेंडीची वेळ विचारणे.